हवेची सुई

माझे मोठे साडू बोलणाऱ्या रोग्यावर काडीचाही विश्वास ठेवत नाहीत. तोंड आहे तिथे खोटं आहे, असं त्यांचं ठाम मत, आणि पस्तीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरकी केल्यावरही ते मत बदलावं असं त्यांना एकदासुद्धा वाटलं नाही. बैल काही सांगत नाही. तो मान वळवून आपल्या कुशीकडे बघतो आणि गप्प उभा राहतो. मालक मात्र न विचारता सांगतो की साहेब, कालपासून कडब्याशिवाय काही घातलं नाही. साडू त्याचं सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि मग बैलाचा जबडा उघडून म्हणायचे, "कोवळी जवारी खाल्ली यानं. तुमी जरा बाजूले बसा, मले याच्याशी बोलू द्या." आदिलाबादकडच्या आमच्या तामसीच्या आसपासच्या गावांत त्यांनी मालकांचा जितका अपमान केला तितका कुण्या तहसीलदारानेही केला नसेल, आणि तरी लोक आपली जनावरं त्यांच्याकडेच आणायचे.

हाच नियम त्यांनी घरच्यांनाही लावला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षं गुडघा दुखतो म्हणून सांगत होती. साडू "हाव, हाव" म्हणायचे आणि पेपरचं पान उलटायचे. मग एका हिवाळ्यात तिचा घसा बसला, आवाज पार गेला, आणि भिंतीला धरून मुकाट्याने स्वयंपाकघरात जाताना त्यांनी तिला पाहिलं. त्याच दुपारी तिला आदिलाबादला नेऊन गुडघ्याचा फोटो काढला. वर तिलाच विचारलं, "काऊन सांगतलं नाई इतके दिवस?" तिला आवाज नव्हता, म्हणून साडू त्या दिवशी वाचले.

रिटायर झाल्यावर गुरं सुटली, पण मुके रोगी सुटले नाहीत. आमचा मिक्सर घरघरला की साडू गळ्यात दवाखान्यातली छाती तपासायची नळी अडकवून हजर. शेजारच्या पाण्याच्या मोटारीचा ताप ते तळहाताच्या उलट्या बाजूने बघायचे. चष्मा कायम कपाळावर, कारण चष्म्याच्या घरात गुरांच्या जाड सुया ठेवलेल्या. त्या कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कामी येतेत." आणि एक लांब वही. तिच्यात रकाने आखलेले: तारीख, रोगी, मालक, तक्रार, उपाय, आणि शेवटी कारण. मी मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, क्लार्क आहे, रजिस्टरं माझ्या हाताखालून रोज जातात, पण इतकं एकमार्गी रजिस्टर मी पाहिलेलं नाही. कारणाच्या रकान्यात पानामागून पान एकच लिहिलेलं असायचं: मालकाची बेपर्वाई. गाय असो, घड्याळ असो, शिलाई मशीन असो, दुखणं मालकाच्याच घरातून निघायचं.

ही वही लिहायची आमची पोरगी. साडूंचं अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नाही, म्हणून ती पाचवीत असल्यापासून हे काम तिच्याकडे आलं. पोरगी मुळातच कमी बोलते. घरी पाहुणे आले की त्यांना वाटतं हिला राग आला. साडूंच्या हिशेबाने मात्र हाच माणसाचा सगळ्यात मोठा गुण, आणि म्हणून आख्ख्या जगात त्यांचा विश्वास फक्त तिच्यावर होता. ती लिहायची तेही कसं, तर दिसलं ते सगळं. गाईने कान हलवला, मालकाने बिडी पेटवली, हेसुद्धा. साडू म्हणायचे, "लिहू द्या तिले. काय कामाचं हाय ते मागून समजते."

आता गाडीचं सांगतो. बेल्लमपल्लीच्या खाणीतून रिटायर होऊन गावी निघालेल्या एका माणसाकडून मी एक जुनी पांढरी गाडी घेतली. गाडीचं वय जवळजवळ पोरीएवढंच, यावरून समजा. गाडी चांगली होती. पण पेट्रोल भरताना टाकीचं झाकण टपावर राहिलं आणि वाटेत कुठेतरी पडलं, ही चूक माझी. दुकानदाराने दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं झाकण दिलं. त्याला मधोमध कुलपासाठी भोक, कुलूप नाहीच, आणि ते बसायचंही सैल. आत पेट्रोलचा असा वास यायचा की आदिलाबादहून परत येताना पोरगी खिडकीला डोकं टेकून गप्प बसली आणि घरी उतरल्या उतरल्या परसात जाऊन ओकली. ती काही बोलली नाही, म्हणूनच साडूंनी ताबडतोब दखल घेतली. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं जाड रबर आणलं, झाकणाच्या मापाने कापलं, आतून घट्ट चिकटवलं, मधलं भोकही त्याच्याखाली बुजलं. मग झाकण पिळून लावलं आणि नाक जवळ नेऊन मला म्हणाले, "घ्या बाबू, वास घ्या. येऊन राह्यला का?" नव्हता येत. पोरगी हसली. तिच्या हसण्याने त्यांना किती बरं वाटलं ते त्यांनी लपवलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात गाडी बंद पडायला लागली. रोज नाही, गावात तर नाहीच, लांबचा फेरा झाला की. आधी खोकल्यासारखे दोन झटके, मग जोर जायचा, मग चालता चालता शांत. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. साडूंनी रोगी ताब्यात घेतला. बॉनेट उघडून इंजिनाजवळचा प्लास्टिकचा फिल्टर दाखवला, आरपार दिसणारा, अंगठ्याएवढा. "हे पाहा, बंद पडते तवा हे कोरडं असते. इंजिनाले काई झालं नाई. पोटातून वर चारा येत नाई." फिल्टर बदलला. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून बाटलीत काढून दिवसभर उन्हात ठेवलं आणि दर तासाला बघितलं. कार्ब्युरेटर उघडून धुतला. पेट्रोल भरायची जागा मी मधे बदलली होती, त्या नव्या पेट्रोल पंपाचं नाव वहीत लाल शाईने लिहिलं. शेवटी गाडी दोन दिवस तामसीच्या तामसीत फिरवली, ती एकदाही थांबली नाही, आणि रोगी बरा झाल्याची नोंद झाली. कारण: मालकाने वाईट पेट्रोल पाजलं.

त्याच संध्याकाळी पोरीच्या फोनवर मेसेज आला. बासरच्या विद्यापीठात दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं होतं. उद्या दुपारी बाराच्या आत अस्सल कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या कापसात राबले. मी दहावी करून क्लार्क झालो तेव्हा आईने गावभर साखर वाटली होती. आणि आता ही पोरगी इंजिनिअरिंगला. पहिल्या यादीत नाव नव्हतं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती, आणि तेही आम्हाला तिने सांगितलं नव्हतं, ताटावरून कळलं. बस धरून गेलो असतो तर आदिलाबाद, निर्मल, भैंसा करत एक वाजला असता. म्हणून मी ओळखीच्या जीपवाल्याला पहाटे पाचला यायला सांगितलं आणि कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपलो.

पाच वाजले, सव्वापाच वाजले, जीप नाही. फोन केला तर जीपवाला झोपेत म्हणाला, "तुमच्या साडूनं रात्रीच सांगतलं ना, गाडी बरी हाय, येऊ नको." मी दारात आलो तर साडू धुतलेला सदरा घालून, गळ्यात नळी, काखेत वही, आमच्या पांढऱ्या गाडीला टेकून उभे. "बाबू, पोरीच्या पहिल्या कामाले भाड्याची गाडी कायले? मी जामीन हाय ना." मी तोंडातल्या तोंडात जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पण मोठे साडू. बायकोने डोळ्यांनीच मला गप्प केलं. आदल्या दिवशी टाकी अर्धी भरून आणली होती. साडेपाचला पोरगी, साडू आणि मी निघालो.

आदिलाबाद मागे पडलं तेव्हा उजाडलं होतं आणि मला वाटायला लागलं होतं की उगाच चिडलो. गुडिहत्नूर यायच्या आधी पहिला खोकला आला. मग दुसरा. माझा पाय दाबलेलाच होता, पण गाडी ऐकेना, आणि कडेला घेईपर्यंत ती थांबलीसुद्धा. पावणेसात. साडू उतरले, बॉनेट उघडलं, फिल्टर कोरडा. त्यांनी मागच्या सीटला नळी लावून टाकीचं ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "पोट भरलेलं हाय. चारा हाय. गिळून नाई राह्यली." मी म्हणालो, "मग गिळायला लावा." ते म्हणाले, "दम द्या तिले." वीस मिनिटं दम दिला. पोरगी मागे बसून वहीत लिहीत होती. गाडी सुरू झाली.

इचोडा दिसायला लागलं तेव्हा पुन्हा तेच. या वेळी तर पहिल्यापेक्षा निम्म्या अंतरातच. मी आणि साडूंनी मिळून धक्का मारत गाडी एका मिस्त्रीच्या टपरीपर्यंत नेली. मिस्त्री दात घासत होता. पाच मिनिटं बघून त्याने निकाल दिला, "पंप गया साब. आदिलाबादसे मंगाना पडेगा. दोपहर तक लग जाएगा." दुपारपर्यंत. मी घड्याळ पाहिलं, पोरीकडे पाहिलं. ती कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून समोर बघत होती. साडू मिस्त्रीला मराठीत समजावू लागले की पंप चांगला आहे, त्याचा ठोका मी ऐकला. मिस्त्री त्यांना हिंदीत सांगू लागला की चाचा, ये भैंस नहीं है. शेवटी मिस्त्रीने कचरा असेल तर निघून जाईल म्हणून टाकीचं झाकण काढलं, कॉम्प्रेसर चालू केला आणि पुढून पेट्रोलच्या नळीत उलटी हवा मारली. त्या धडधडाटात काही ऐकू येत नव्हतं. झाकण लावलं, चावी फिरवली, गाडी एका दमात सुरू. या सगळ्यात तास गेला होता. मिस्त्री विजयी मुद्रेने साडूंकडे बघून म्हणाला, "कचरा था."  गाडीत बसल्यावर साडू पोरीला म्हणाले, "त्यानं जे जे केलं ते लिहून घे."

नेरडिगोंडा गेलं. गाडी छान पळत होती, इतकी छान की मी एसटीएवढ्या वेगाने निघालो आणि मनातल्या मनात त्या मिस्त्रीला दुवा देऊ लागलो. निर्मलच्या अलीकडे घाट लागतो. उतार सुरू व्हायच्या जरा आधी, वळणावर, जिथे कडेला धड उभंही राहता येत नाही, तिथे गाडी खोकली. मी पुढे झुकलो, जणू माझ्या झुकण्याने ती चालणार होती. थांबली. सव्वानऊ होऊन गेले होते. मागून लॉऱ्या हॉर्न मारत बाजूने जात होत्या आणि प्रत्येक लॉरीबरोबर आमची गाडी हलत होती. मी मागे दगड लावले, झाडाची फांदी तोडून रस्त्यावर टाकली. एक बस आली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवले. दारापर्यंत माणसं लटकलेली; ड्रायव्हरने हाताने मागची बस असा इशारा केला आणि निघून गेला. मागे बस नव्हती. फोनला रेंज येत-जात होती. एका लॉरीवाल्याने वेग कमी करून विचारलं, "एमैंदि?" काय झालं. साडूंनी त्याला सांगितलं, पोटात अडकलंय. तो बिचारा काय समजला कोण जाणे, मान हलवून गेला.

आणि मग मी बोललो. मोठे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, कशाचीही पर्वा न करता बोललो. "जीप दारात आली असती. तुमी तिले येऊ नको म्हनलं. तिच्या जागेवर दुसरं कोणी बसलं तर तुमची वही तिच्या काय कामाची? गुरांचे कंपाउंडर हाय तुमी, गुरंच पाहायची होती. माणसाच्या लेकराचं काऊन वाटोळं करून राह्यले?"  साडू कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून माझ्याकडे बघत राहिले, मग खाली बघू लागले. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, पण त्यांची नजर खाली गेलेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती. पोरगी गाडीतून उतरली आणि आम्हा दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. तिने वही उघडली होती.

"मावसाजी, वाचू का?"

साडू रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "वाच. हळू वाच. काई सोडू नको."

ती वाचू लागली. काल संध्याकाळी पेट्रोल भरलं, झाकण उघडून लावलं. घरून निघालो, पस्तीस किलोमीटरवर बंद. वीस मिनिटं थांबलो, झाकण उघडलं नाही, सुरू झाली. अठरा किलोमीटरवर बंद. मिस्त्रीने झाकण काढलं, हवा मारली, झाकण लावलं. सुरू. चौतीस किलोमीटरवर बंद. साडू म्हणाले, "पुन्ना." तिने पुन्हा वाचलं. मी घड्याळ बघत होतो. साडेनऊ वाजून गेले होते आणि बासर अजून किती लांब आहे ते पाटीवर वाचायची माझी छाती होत नव्हती. साडूंचे ओठ हलत होते. "उघडलं तं पस्तीस. नाई उघडलं तं अठरा. उघडलं तं चौतीस." मग ते उठले. गाडीच्या मागच्या बाजूला गेले, नळी कानात घातली, दुसरं टोक झाकणाजवळ धरलं आणि आम्हाला हाताने खुणावलं की श्वाससुद्धा घेऊ नका. झाकण त्यांनी अगदी हळू पिळलं.

आम्हाला नळी लागली नाही. त्या घाटात मला स्पष्ट ऐकू आलं. टाकीने आत लांब श्वास ओढला, खोल पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा. सूंऽऽ असा आवाज, बराच वेळ चाललेला.

साडू झाकण हातात घेऊन उभे राहिले. उलटं करून त्यांनी ते रबर पाहिलं, आपलंच कापलेलं, आपलंच चिकटवलेलं, एका बाजूलाही न सुटलेलं. अंगठा त्यावरून फिरवला. मला अजून काही कळलं नव्हतं आणि त्यांना सगळं कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "बाबू," ते म्हणाले, "गाईले काचेच्या बाटलीतून सलाईन लावतो ना आमी, तवा बुचात दोन सुया टोचतो. एक औषधाची, एक हवेची. हवेची नाई टोचली तं चार थेंब पडतेत आन् बंद होते. जेवढं औषध खाली जाते तेवढी हवा वर याले लागते. पस्तीस वर्षं टोचली मी हवेची सुई. नव्या पोरांले पहिल्या दिवशी हेच शिकवलं. आन् इथं बुच मीच लावलं, घट्ट लावलं, इले वास येऊ नये म्हनून, आन् सुई इसरलो." सैल झाकणातून जो वास बाहेर यायचा, त्याच वाटेने हवा आत जात होती. ती वाट त्यांनीच बुजवली होती.

 पंधरा मिनिटांपूर्वी जे बोललो होतो ते आता खरं निघालं होतं, आणि खरं निघाल्यावर ते आणखी वाईट वाटायला लागलं. साडूंनी चष्म्याचं घर काढलं, सगळ्यात जाड सुई निवडली, कुलपाच्या भोकात धरली आणि रबरातून आरपार घातली. टोक आतल्या बाजूने बाहेर आलं. सुई तोंडाजवळ धरून फुंकली. बारीक शीळ वाजली. झाकण लावलं. "मारा चावी."

दहाला आम्ही घाट उतरायला लागलो. निर्मल कधी आलं आणि कधी गेलं मला आठवत नाही. साडू मागच्या सीटवर कान टाकीकडे लावून, डोळे मिटून बसले होते. खड्ड्यात गाडी आदळली की मी आरशात त्यांच्याकडे बघायचो आणि ते डोळे न उघडता बोट वर करायचे, म्हणजे चालू आहे. पस्तीस किलोमीटर झाले तेव्हा पोरीने हळूच सांगितलं, "पस्तीस झाले."  छत्तीस झाले. चाळीस झाले. भैंशाच्या बाजारात हातगाड्यांनी रस्ता अडवला होता. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, लोकांनी काय काय म्हटलं ते ऐकलं नाही. बासरच्या रस्त्याला पाटी घेतलेली लहान लेकरं मांडीवर घेऊन तिथल्या विद्येच्या देवीपुढे पहिलं अक्षर गिरवायला निघालेल्या लोकांच्या गाड्या, आणि त्यांच्या मधून आमची पांढरी गाडी, खोकल्याच्या भीतीने ना जोरात ना हळू. विद्यापीठाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा बाराला अकरा मिनिटं होती. पोरीने दार उघडलं, पिशवी छातीशी धरली आणि पळाली. वॉचमनने खिडकी दाखवली. मी तिच्या मागे धावलो, पण आत एकालाच सोडत होते.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली.  हातातला शिक्का मारलेला कागद फक्त दाखवला. मी तिथेच रडलो, लाज वाटली नाही. मग गाडीकडे आलो. साडू झाकणावर हात ठेवून सावलीत उभे होते. कागद दोनदा वाचला, डोळ्यांजवळ नेऊन शिक्का पाहिला, आणि पोरीला म्हणाले, "वही दे." तिने लिहायला पेन उघडलं, तर पेनही मागितलं. गाडीच्या टपावर वही ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताने, बराच वेळ घेऊन, शेवटचा रकाना भरला. परतीच्या वाटेत ते झोपले तेव्हा गाडी कडेला घेऊन मी वही उघडून पाहिली. ते अक्षर वाचायला मला अवघड गेलं नाही. लिहिलं होतं: कंपाउंडरची बेपर्वाई. माफी मागायची माझ्या मनात आली, तामसी येईपर्यंत येत राहिली, आणि मी मागितली नाही.

पोरगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या मेहुणीचा गुडघा पार गेला म्हणून त्यांच्या मुलाने दोघांना आपल्याकडे हैदराबादला नेलं, चौथ्या मजल्यावर. तिथे कुणाचा मिक्सर बिघडला तर नवीन घेतात. साडू दर रविवारी सकाळी मला फोन करतात. माझी विचारपूस नाही, बायकोची नाही. पहिला प्रश्न, "गाडी कशी हाय?" गाडी मी मागच्या वर्षी विकून टाकली, वय झालं होतं तिचं. विकताना झाकण तेवढं काढून घेतलं, नवीन बसवून दिलं. ते झाकण टीव्हीशेजारी ठेवलं आहे. साडूंना विकल्याचं मी सांगितलेलं नाही. पोरगी म्हणते, "सांगून द्या ना बाबा." माझ्याने होत नाही.

"चांगली हाय," मी म्हणतो.

"सुई जाग्यावर हाय?"

"हाय."

पण बोलणाऱ्या रोग्यावर त्यांचा विश्वास कुठला. "फुंका," ते म्हणतात. मग मी झाकण उचलतो, फोन जवळ धरतो आणि सुईतून फुंकतो. बारीक शीळ वाजते. तिकडे चौथ्या मजल्यावर ते ऐकत असतात, मला त्यांचा श्वास ऐकू येतो. "हां," ते म्हणतात, "हवा जाऊन राह्यली," आणि फोन ठेवतात. गाडी सुरू करून इंजिनाचा आवाज ऐकवा, असं त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही म्हटलेलं नाही. का म्हटलं नाही, हे मी त्यांना विचारत नाही. रविवारी सकाळी नऊच्या आत झाकण पुसून फोनजवळ आणून ठेवतो.